थोरली की धाकटी

क्षितिजचा फोन आला तेव्हा मला निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि घरात माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. यवतमाळच्या तंत्रनिकेतनात मी अठ्ठावीस वर्षं ऑटोमोबाइल शिकवलं. क्षितिज माझा पुतण्या, पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर. घाटात गाड्या चढवण्याच्या शर्यती असतात, त्यांचं त्याला वेड.

"काका, नागपूरला जहाजाचे एक निवृत्त कॅप्टन आहेत. त्यांच्याकडे दोन स्पोर्ट्स कार आहेत. मॉडेल एकच, जपानी, दोन सीटची, टप उघडणारी. एक एक्क्याण्णवची, दुसरी नव्व्याण्णवची. आता वयामुळे त्यांना एकच ठेवायचीय. म्हणतात, तुला हवी ती तू ने. मला तिला टर्बो बसवायचाय. कुठली घेऊ?"

"हे मला विचारू नको," मी म्हणालो. "पूनमसिंगला विचारू."

पूनमसिंग राठोडचं वर्कशॉप आर्णीला बसस्टँडच्या मागे होतं. टर्बो दुरुस्त करणारा त्याच्यासारखा माणूस चार तालुक्यांत नव्हता. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तो मिनिटाला लाखभर वेळा फिरतो आणि केसाएवढा तोल गेला तरी स्वतःलाच खाऊन टाकतो. असले पंखे पूनमसिंग बोटांनी फिरवून, कानाजवळ धरून दुरुस्त करायचा.

आमची ओळख त्याच्याही आधीची. मी नवा लेक्चरर असताना विद्यार्थ्यांना यवतमाळची एक जिनिंग फॅक्टरी दाखवायला नेलं होतं. एका रांगेत चोवीस जिन चालू, सरकी उडतेय, शेजारच्याच्या कानात ओरडावं लागत होतं. त्या गोंधळात फिटरच्या खाकी कपड्यातला एक सडपातळ पोरगेला माणूस लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून यंत्रांपुढून चालत गेला आणि एकापाशी थांबला. मॅनेजरला म्हणाला, "याची बेरिंग गुरुवारी जाईन." बेरिंग बुधवारी गेली. मी मुद्दाम पुन्हा जाऊन विचारलं होतं.

अठरा हंगाम त्याने त्या शेडमध्ये काढले. पुढे कापसाचे दिवस फिरले, एकेक जिन बंद पडली, त्याचीही पडली, आणि त्याने आर्णीला स्वतःचं दुकान टाकलं. तो मला 'सर, तुमी' म्हणायचा आणि मी त्याला 'तू'. आम्ही एकाच वयाचे होतो, आणि पुस्तकाबाहेरचं जे काही मला येत होतं ते मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. तरी ते 'तू' आणि 'तुमी' कधी बदललं नाही. बदलावं असं माझ्या मनातही आलं नाही.

२००६ची दिवाळी होऊन गेली होती. हंगामात कापसाच्या गाड्या धावल्या की ट्रक आणि ट्रॅक्टर त्याच्याकडे येत. त्या साली गाड्याच धावेनात. पेपर उघडला की एकेका गावाचं नाव आणि मरणाची बातमी. पूनमसिंगच्या दुकानात दुपारी कुत्रं झोपलेलं असायचं. मी क्षितिजचं काम सांगितलं तेव्हा त्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"स्पोर्ट कार? आपल्याकडं?"

"आपल्याकडं. पण आधी कुठली घ्यायची ते तू ठरवायचं."

"चाला मंग," तो म्हणाला. "उद्याच जाऊ."

क्षितिज रातोरात पुण्याहून जीप घेऊन आला आणि आम्ही तिघे नागपूरला गेलो. कॅप्टनच्या बंगल्यात दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या, एक लाल, एक निळी. सख्ख्या बहिणींसारख्या. पूनमसिंगने तिथल्या तिथे नावं ठेवली, थोरली आणि धाकटी. थोरलीचे दिवे बॉनेटमध्ये लपलेले, बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर येणारे. धाकटीचे नेहमीसारखे, पण अंगाने ती भरलेली आणि इंजिनही मोठं.

त्याने थोरली चालू करायला सांगितली. आपला जुना स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी दोन हातांवर उभा होतो. इंजिन टिकटिकत होतं. वरच्या टॅपेटचा आवाज होता, अशा जुन्या इंजिनांना येतोच, फारसा धोक्याचाही नसतो. पण शिवणयंत्रासारखा तो सरळ कानावर येत होता. कॅप्टनही म्हणाले, "तेल बदललं की जातो तो आवाज."

ते काय म्हणाले हे पूनमसिंगला कळलं नाही. डोळे उघडून तो माझ्याकडे पाहत हसला. "सर, काय मुकं इंजिन हाय हो! काईच आवाज नाई."

क्षितिज पलीकडे टायर पाहत होता. त्याने ऐकलं नाही. मी काही बोललो नाही.

परतताना क्षितिज जीप चालवत होता. कळंब मागे पडलं तरी आमचा वाद चालूच होता.

"थोरली," पूनमसिंग म्हणाला. "इचार कायले करायचा? टर्बोनं हवा कोंबली का आत दाब वाढते. धाकटीत पयलेच दाब जास्त हाय. थोरलीचा कमी, तिच्यात जागा हाय. वजनानं हलकी. अन् टायमिंग हातानं फिरवता येते."

"धाकटीचा गिअरबॉक्स मजबूत आहे," मी म्हणालो. "मागचा डिफरन्शियलही. शिवाय तिला नॉक सेन्सर आहे."

"म्हंजे?" त्याने कान पुढे केला. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

नॉक म्हणजे काय ते सांगायला हवं. इंजिनातलं पेट्रोल वेळेवर पेटलं तर पिस्टनला ढकलतं; वेळेआधी आपोआप भडकलं तर पिस्टनवर हातोडा बसावा तसा घाव बसतो. बाहेरून तो पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा ऐकू येतो. टर्बोच्या इंजिनात हा आवाज काही सेकंद ऐकू येतो, आणि तेवढ्यात पाय उचलला नाही तर पिस्टन वितळतो. धाकटीला तो आवाज ऐकणारं एक यंत्र कंपनीनेच बसवलेलं होतं. नॉक झाला की ते आपणहून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेई. थोरलीला तसलं काही नव्हतं. तिच्या बाबतीत ऐकायचं काम माणसाचं.

"त्या सेन्सरवाचून कोनाचं अडलं?" पूनमसिंग म्हणाला. मग खिडकीबाहेर पाहत, जरा वेळाने, "ज्या गाडीले सोताचे कान हायत, तिले पूनमसिंग कायले पायजे, सर?"

क्षितिज हसला. त्याला ते वाक्य आवडलं. "काका, पूनमसिंगभाऊ बरोबर सांगतायत. मीही वाचलंय, टर्बोसाठी जुनीच बरी."

वाचलेलं बरोबरच होतं. कागदावर थोरलीच योग्य होती, पूनमसिंगच्या म्हणण्यातली एकही गोष्ट चूक नव्हती. मी धाकटीचा हेका धरला त्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्या जीपमध्ये मला काढता आलं नाही. क्षितिजच्या देखत कसं काढणार? मग आर्णीला दोघेच असताना काढू, असं मी ठरवलं. आर्णीला दोघेच असलो तेव्हा त्याने कागदावर टर्बोची नळी कशी वळवायची त्याचं चित्र काढायला घेतलं होतं आणि तो इतका खुशीत होता की मी चित्रच पाहत बसलो.

थोरली आली. पुढचे दोन महिने मी रोज सकाळच्या बसने आर्णीला जायचो. पूनमसिंगने एका डिझेल गाडीचा लहान टर्बो उघडून, साफ करून, नव्या बेरिंगवर बसवला. त्यासाठी पाइप वाकवले, वेल्डिंग केलं, जास्तीचं पेट्रोल जावं म्हणून पंप बदलला. गावातले लोक लाल गाडी बघायला येत. पन्नाशी उलटलेला पूनमसिंग गाडीखालून बाहेर येई तेव्हा पंचविशीचा दिसे. त्याची बायको कांताबाई तांड्यावरून डबा घेऊन येई आणि दारात उभी राहून ओरडे, "अवं, डबा आनला!" तो वळून पाहत नसे. ती आत येऊन त्याच्या खांद्याला हात लावी. मी ते रोज पाहत होतो. ती माझ्याकडे पाही आणि नजर खाली घेई.

चाचणीसाठी जानेवारीतला एक रविवार ठरला. क्षितिज पुण्याहून आला. आर्णीच्या बाहेर एक लांब सरळ रस्ता आणि पुढे चढ आहे, तिथे सकाळी नऊला गेलो. दोन्ही बाजूंच्या शेतांत शेवटची वेचणी चालली होती. गाडी दोन सीटची, म्हणून क्षितिज रस्त्याच्या कडेला थांबला. पूनमसिंग चालवायला आणि मी शेजारी.

त्याची पद्धत जुनी आणि खात्रीची होती. टायमिंग आधी खूप मागे ठेवायचं, एक फेरी मारायची. मग थोडं पुढे, पुन्हा फेरी. असं करत जायचं आणि नॉकचा पहिला बारीक आवाज आला की एक पाऊल मागे यायचं. तिथे इंजिनाचा खरा जोर सापडतो. सगळं त्या पहिल्या बारीक आवाजावर अवलंबून.

पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. टर्बोची शीळ वाजायला लागली की पाठ सीटला चिकटे. दुसऱ्या फेरीनंतर क्षितिजने पूनमसिंगला मिठीच मारली.

तिसऱ्या फेरीत, चढाच्या मध्यावर, मला तो ऐकू आला. हलकासा, हरभऱ्याचे चारच दाणे. मी पूनमसिंगकडे पाहिलं. आता हा मागे घेईल, असं मला वाटलं. तो मन लावून ऐकत होता. मान एका बाजूला कललेली, जिनमध्ये पाहिली होती तशीच. गाडी थांबवून तो उतरला, बॉनेट उघडलं आणि क्षितिजला म्हणाला, "अजून जागा हाय तिच्यात." आणि टायमिंग आणखी पुढे फिरवलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. क्षितिज शेजारी उभा होता, चार वेचणाऱ्या बाया काम सोडून बघत होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणायचं, पूनमसिंग, नॉक होतोय, तुला ऐकू येत नाहीये. जीभ उचलेना. मी मनात हिशेब मांडला की गाडीत बसलो की सांगू, दोघेच असू तेव्हा.

गाडीत बसलो. मी तोंड उघडेपर्यंत त्याने गिअर टाकला होता. टप उघडा, वारा, टर्बोची शीळ. चढ लागला आणि डबाभर हरभरे खडखडायला लागले.

"पूनमसिंग, पाय काढ!" मी ओरडलो.

मी खुशीत ओरडतोय असं त्याला वाटलं. तो हसला आणि पाय आणखी दाबला. मी त्याचा दंड पकडून हलवला, तेव्हा कुठे त्याने माझं तोंड नीट पाहिलं. तोवर फटकन आवाज झाला, तो त्यालाही कळला, स्टीअरिंगमधून हाताला कळला असेल, आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठला. गाडी चढावरच बंद पडली.

त्याने हँडब्रेक ओढला. मग त्याने विचारलं, "तुमाले ऐकू येत होतं?"

मी मान हलवली.

"या फेरीत?"

"मागच्याही."

तो पुढच्या काचेकडे पाहत होता. "मंग मी टायमिंग पुढं घेतलं तवा तुमी उभेच होते."

"हो."

"अन् पयले? कवापासून मालूम हाय तुमाले?"

खोटं बोलता आलं असतं. "नागपूरपासून," मी म्हणालो.

त्याने दार उघडलं, उतरला आणि रस्त्याने आर्णीकडे चालायला लागला. क्षितिज धावत आला, त्याने मागून हाका मारल्या. पूनमसिंगला त्या ऐकू आल्या नसतील. आल्या असत्या तरी तो थांबला नसता.

क्षितिज चांगला मुलगा. दोष कुणाला दिला नाही, म्हणाला, शर्यतीच्या इंजिनांचं असं होतंच. पूनमसिंगने इंजिन स्वतः उघडलं. दोन पिस्टनच्या कडा मेणासारख्या विरघळल्या होत्या. त्याने नवे मागवले, बोटांनी माप घेत घेत इंजिन पुन्हा बांधलं, टर्बो काढून बाजूला ठेवला आणि गाडी होती तशी साधी करून क्षितिजला परत दिली. या सगळ्या काळात मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो कामात होता आणि त्याने वर पाहिलं नाही. मार्चमध्ये कळलं की दुकान बंद केलं. अवजारं त्याने पुसदच्या एका मिस्त्रीला देऊन टाकली. स्क्रू-ड्रायव्हरही.

मग पावसाळा गेला, दसरा गेला. नोव्हेंबरात एका दुपारी कांताबाई यवतमाळला आमच्या दारात उभी. आत यायला तयार नव्हती, मग माझ्या बायकोने हाताला धरून बसवलं.

"भाऊ, तुमी एकडाव या," ती म्हणाली. "दीराच्या वावरात जाऊन राह्यले रोज. घरी आले का बोलत नाईत. मी बोलली तं भिताडाकडं तोंड करतेत."

"माझ्यावर राग आहे त्याचा. बरोबरच आहे."

"तुमच्यावर?" तिने पदराने डोळे पुसले. "मले तं लय सालापासून मालूम होतं, भाऊ. जिनमधून घरी येत तवापासून मी जोरानंच बोलतो. दिवसभर कानात सरकीचा कापूस कोंबून राहात, तरी जायचं ते गेलंच. मी कोनाले बोलली नाई. त्यायलेबी मालूम होतं. मले म्हनत, ही गाडी निंगली का मंग दवाखान्यात जाऊ. ऐकू येत नाई म्हनून चार लोकाईत कळलं तं कोन काम देईन? तुमी त्यायले तोंडावर सांगान, असं वाटे. वाट पाहत होते का काय, मले समजत नाई."

त्याला वाटत होतं मी सांगेन. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकावं, असं कदाचित वाटत असेल. आणि मी त्याची लाज राखतोय या समजुतीत स्वतःचीच अडचण टाळत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या भावाचं, धरमसिंगचं शेत तांड्याच्या खालच्या अंगाला होतं. आठ-दहा बाया वेचत होत्या. पूनमसिंग बांधावर बसून गाठोडी बांधत होता. मला पाहून उठला नाही, पण शेजारच्या पोत्यावरची जागा हाताने झाडली. मी बसलो. त्याचे हात बदलले होते, ऑइलचा काळेपणा नखांतून गेला होता आणि बोंडांच्या काट्यांनी कातडी ओरखडली होती.

रस्ताभर मी जुळवत आणलेलं सगळं सुटून गेलं. "पूनमसिंग, चुकलं माझं," मी म्हणालो.

त्याने मान कलती केली. "सुकलं? व्हय. खालच्या पट्टीतलं समदं सुकलं. बोंडं उमललीच नाईत यंदा."

मी खाली पाहिलं. तिथेच सोडून देता आलं असतं. पुढच्या बसने घरी येऊन मी म्हणालो असतो, माफी मागितली. पण असंच सोडून देत देत मी इथवर आलो होतो. मी उठून त्याच्या समोर उकिडवा बसलो, तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं, आणि जिनमध्ये ओरडावं लागे तसं ओरडलो, "चुकलं! माझं चुकलं! मी तुला आधी सांगायला पाहिजे होतं!"

वेचणाऱ्या बाया थांबल्या. कोणीतरी हसलं आणि दुसऱ्या बाईने तिला गप्प केलं. धरमसिंग बैलाजवळून बघत राहिला. साऱ्या शेताने ते ऐकलं.

पूनमसिंग माझ्या ओठांकडे पाहत होता. त्याचे डोळे भरले, पण चेहरा हलला नाही.

"नागपूरलेच सांगायचं होतं, सर," तो हळू म्हणाला. "तवा मी मानलं असतं. धाकटी घेतली असती."

तो पुन्हा गाठोडं बांधायला लागला आणि मी दुसरं टोक धरलं. दुपारी कांताबाईने भाकरी आणली, तिघे जेवलो. बसच्या वेळेला तो फाट्यापर्यंत सोबत आला.

पुढे क्षितिज आणि मी त्याला नागपूरला नेलं, कानाचं मशीन घेतलं. महिनाभर लावलं त्याने. मग डब्यात ठेवून दिलं, म्हणाला, समदे आवाज एकसारखेच येतेत, पत्र्याचे. क्षितिजने ती लाल गाडी विकली आणि लग्न झाल्यावर शर्यती सोडल्या.

पूनमसिंग त्यानंतर चार वर्षं होता. मी महिन्यातून एकदा जायचो. पाऊस, कापूस, पोरांच्या परीक्षा, असं बोलणं व्हायचं. इंजिनाचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही नाही. जे बोलायचं ते मोठ्याने बोलावं लागे, आणि मोठ्याने बोलण्यासारखं आमच्याकडे फार उरलं नव्हतं, म्हणून बहुतेक वेळ आम्ही नुसते बसलेले असायचो.